दुधावर लेझर

विज्ञानापुढे लबाडी टिकत नाही, हे मी आयुष्यभर निक्षून सांगत आलो आहे. हल्ली आमच्या इमारतीत तेवढं सांगत नाही.

मी रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आहे. माझ्या ताब्यात एक यंत्र आहे. द्रवात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवर त्यातून लेझर सोडायचा. बारीक कण मुंग्या चावल्यासारखे थयथयाट करतात, जाडे कण आमच्या हेडक्लार्कसारखे जेमतेम हलतात. विखुरलेला प्रकाश त्या मानाने लुकलुकतो आणि यंत्र कणांचं माप सांगतं! असं यंत्र चालवणारा नवरा घरात असताना बायकोने नुसतं दुधाच्या पातेल्यात डोकावून "पाणी आहे!" म्हणावं?

"उद्यापासून येऊ नका, भाऊ," तिने दूधवाल्याला सांगून टाकलं.

"वहिनी, एक घर सुटलं की अख्खी इमारत सुटते हो! पोटावर पाय आणू नका."

"थांबा!" मी गरजलो. "उद्या संध्याकाळी जिन्यात, सगळ्यांसमोर निकाल! लेझरने!"

दूधवाला पांढराफटक पडला. तो पांढरा रंग मात्र निर्भेळ होता.

दुसऱ्या दिवशी दूध यंत्रात ठेवलं. पडद्यावर सूचना आली: नमुना फार दाट, पातळ करा. त्या दुधाला दाट म्हणणारं जगात कुणीतरी निघालं! मी एका थेंबात पेलाभर शुद्ध पाणी ओतलं. मग काय आलेख आला म्हणता! नववधूच्या भुवईसारखा रेखीव!

संध्याकाळी जिना गच्च भरला होता. मी आलेख उंचावला. "तीनशे दहा नॅनोमीटर!"

टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली.

"म्हणजे पाणी आहे की नाही?" बायकोने विचारलं.

"हे कणांचं माप आहे."

"पाणी घातलं की कण लहान होतात?"

"छे! माप तेच राहतं."

"मग पाणी कशावरून कळायचं?"

मी आलेख उलटा धरून पाहिला.

"साहेब," दूधवाला हळूच म्हणाला, "तपासलं ते दूध निव्वळ होतं ना?"

"निव्वळ कसं चालेल? थेंबाला पेलाभर पाणी घालावंच लागतं. शास्त्रच आहे तसं!"

"ऐकलंत ना, वहिनी?"

जिना खदखदून हसला. बायको हसली नाही. पण एवढ्या लोकांसमोर पुराव्याविना त्याला काढणं तिलाही जमेना.

तो आलेख आता दूधवाल्याच्या किटलीवर चिकटवलेला आहे, खाली माझी सही. वरच्या मजल्यावरच्या दोन नव्या घरांनीही त्याच्याकडे रतीब लावला. इमारतीत मला सगळे "लेझरवाले" म्हणतात, आणि ऐकायला वाईट वाटत नाही.

दूध पातळच येतं.