जनाशेठचा वारा

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं चपला काढतात, पाणी घेतात, भिंतीवरचे फोटो बघतात. जनाशेठ मढवी खिशातून अगरबत्ती काढतात. ती पेटवून हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि धूर कुठे जातो ते बघतात. यजमानीणबाईंना वाटतं, काय देवभोळा माणूस आहे. त्या हात जोडतात.

"देवाला नाय ओ, वाऱ्याला," शेठ म्हणतात. "तुमचे घरात वारा येतं, पन जावाला जागा नाय. आत येनाऱ्याला भायेर जावाची वाट पायजे."

हे शेवटचं वाक्य त्यांचं पेटंट. ते खिडक्यांना लागू, सरकारी कचेऱ्यांना लागू, पोटाच्या तक्रारींना लागू, आणि उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यांनाही लागू. माझ्या बायपासनंतर मला बघायला ते हॉस्पिटलात आले आणि सवयीनं अगरबत्ती पेटवून मोकळे झाले. छतावरच्या यंत्रानं बोंब मारली, नर्स धावल्या, वॉचमननं शेठना दंडाला धरून बाहेर काढलं. जाताजाता शेठ मला सांगून गेले, "मास्तर, डिस्चार्ज लवकर घ्या. खोली बंद हाय."

मी मास्तर नाही. विमा कंपनीतून निवृत्त झालोय. पण चष्मा लावणारा प्रत्येक माणूस शेठच्या लेखी मास्तर असतो.

शेठना एसीचं वावडं. घरची मोठी गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली आणि स्वारी स्कूटरवर. वाशीला बसनं जायचं असलं तर एसीच्या बसेस एकामागून एक सोडून देतात आणि साध्या बसची वाट बघत स्टॉपवर घाम पुसत उभे राहतात. अंगावर पांढरा बुशशर्ट, गळ्यात जाड साखळी, खिशात अगरबत्तीचा पुडा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पुजारी आहे आणि देवस्थानाचं बरं चाललंय.

आमची ओळख थेटरामुळे. नवी मुंबईत जुनं काही सापडणं कठीणच. ज्या बिल्डिंगचं प्लास्टर दुसऱ्यांदा झालं ती इथे ऐतिहासिक. पण आमच्या गावठाणातलं थेटर खरोखर जुनं आहे. शहर यायच्या कितीतरी आधी, मिठागरात राबणाऱ्या आणि भात लावणाऱ्या माणसांनी नाटकाच्या वेडापायी ते बांधलं. दगडी जोतं, छप्पर तोलणाऱ्या सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं. पश्चिमेच्या भिंतीत, खाडीकडे तोंड करून, तिरप्या फळ्यांच्या झिलमिल्या लावलेल्या उंच खिडक्या. कौलांच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फट आणि तिच्यावर छोटं छप्पर. खिडकीतून वारा आत, माथ्यावरून गरम हवा बाहेर. पंखे नव्हते, कारण वीजच नव्हती.

तिथे नाटकाची वेळ घड्याळावर ठरत नसे, भरतीवर ठरायची. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि वाऱ्याबरोबर त्याचा वास आत येतो. करुण प्रवेशात बायका नाकाला पदर लावायच्या आणि नटाला वाटायचं, आपण रडवलं. म्हणून बोर्डावर लिहीत, 'पाणी चढल्यावर'. शेठचा आग्रह असे की आजही तसंच लिहावं. मुंबईहून आलेल्या नाटकाच्या मॅनेजरला त्यांनी एकदा प्रयोग पुढे ढकलायला सांगितला. तो म्हणाला, "शेठ, आमचा रात्रीचा प्रयोग पुण्याला आहे. पाणी चढेपर्यंत थांबलो तर तिथलं पब्लिक आमच्यावर चढेल."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सगळीकडे अगरबत्ती लावत फिरणारा हा माणूस थेटरात ती कधीच लावत नसे. यायचा, बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीपाशी जायचा, झिलमिली उघडायचा, पुन्हा मिटायचा. त्या खिडकीलगतच्या खुर्चीवर स्वतः बसत नसे आणि दुसऱ्या कुणी बसलं तर त्याचं नाटक संपेपर्यंत डोकं खात असे. मला वाटायचं, ज्याची खात्री आहे ते कशाला तपासायचं.

मग थेटर चालवणाऱ्या आमच्या ट्रस्टला हिरवं व्हायची हुक्की आली. जुन्या नाट्यगृहांना पर्यावरणपूरक करण्याची कुठलीशी योजना निघाली होती. आमचे अध्यक्ष भोईर यांनी ती ऐकली आणि त्यांना थेटरापेक्षा थेटराच्या दारावरची हिरवी पाटी आधी दिसू लागली. पाटीखाली अध्यक्षांचं नाव असतं.

सल्लागार म्हणून रेगे मॅडम आल्या. तरुण, कामाच्या पक्क्या, बोलायला गोड. त्यांचा आराखडा असा: पश्चिमेच्या खिडक्यांना दुहेरी काच, कायमची बंद. माथ्यावरची फट बुजवायची. कमी वीज खाणारा एसी, आणि छपरावर सौर पॅनेल. बाहेरची गरमी आत नको, आतला थंडावा बाहेर नको.

शेठ मीटिंगमध्ये उठून उभे राहिले. "मंग त्याला थेटर नका म्हनू, पिशवी म्हना. वीज वाचवावाला आदी वीज लावाची, ही कुठली पद्धत? आमचे बापजाद्यांनी बिनविजेचं चालवलं. वारा फुकट हाय."

मला वाटलं होतं, मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शेठ, तुमचं म्हणणं बरोबर आहे. जुन्या इमारतीला तिचा वारा मिळाला तर माझी अर्धी यंत्रं लागणारच नाहीत. मी आराखडा बदलते. मला फक्त वारा दाखवा. मी दोनदा येऊन मोजला, मला मिळाला नाही."

"तुमी ओहोटीला आलेल्या."

"मग भरतीला येते. दिवस तुम्ही सांगा. त्या दिवशी वारा मिळाला तर खिडक्या राहतील, नाही मिळाला तर काच बसेल."

एवढं सरळ आमच्या ट्रस्टमध्ये आजवर कुणी बोललं नव्हतं. मी तर मनात शेठना जिंकवूनही टाकलं. पण शेठ दिवस काही सांगेनात. कधी पाणी कमी आहे म्हणाले, कधी वारा उलटा आहे म्हणाले, एकदा तर चक्क स्वतःला ताप आणला. भोईर रोज मला फोन करून विचारू लागले, "मास्तर, तुमच्या शेठचं पाणी चढलं का?" शेवटी अमावास्येच्या उधाणाची दुपार ठरली.

आम्ही सगळे जमलो. शेठनी पश्चिमेच्या खिडक्या एकेक करून स्वतःच्या हातानं उघडल्या. वर माथ्याकडे बघितलं. मग तिसऱ्या खिडकीपाशी जाऊन त्यांनी अगरबत्ती पेटवली आणि हात पुढे धरला.

धूर सरळ वर गेला. शाळेतल्या पट्टीनं आखल्यासारखा, कैच्यांपर्यंत. इकडे नाही, तिकडे नाही.

आम्ही थांबलो. पाणी चढलं होतं, त्यात शंका नव्हती, जेट्टीवरून येताना मी स्वतः बघितलं होतं. पण खिडकीतून पाणी दिसत नव्हतं. खिडकीतून दिसत होती एका टॉवरच्या पार्किंगची भिंत आणि त्यावर गाड्यांचे नंबर.

"वारा कुठं अडलाय, मी सांगू का शेठ?" भोईर म्हणाले.

कुणी सांगायची गरज नव्हती. थेटर आणि खाडी यांच्या मधे मढव्यांची भाताची खाचरं होती. बायको गेल्यावर शेठनी ती बिल्डरला दिली होती. अट एकच घातली, नाव मी देणार. तिथे आता आभाळाला टेकलेला टॉवर उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावर विजेच्या अक्षरात लिहिलंय, 'हिरा हाइट्स'. हिरा म्हणजे शेठची बायको. भोईर स्वतः तीन टॉवरचे भागीदार, पण त्यांचे टॉवर दुसऱ्यांचा वारा अडवतात, त्यामुळे त्यांना हसायला मोकळीक होती.

मला भोईरांचा राग आला. पण त्याहून जास्त शेठचा आला. हा माणूस सगळ्या गावाला खिडक्या शिकवत फिरला. वारा आपणच विकून बसलोय हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं, म्हणूनच थेटरात अगरबत्ती लागत नव्हती. आणि तरी आमच्यासमोर फुकट फुकट म्हणून नाचत होता. मला वाटलं, आता तोंडावर बोलावं. शेठनी दोन बोटांनी अगरबत्ती विझवली, उरलेली खिशात घातली आणि म्हणाले, "करा मॅडम, तुमचं करा."

मग मॅडमनी त्यांचं केलं. काचा बसल्या, फट बुजली. अंगणातला जुना करंज, ज्याच्या सावलीत बसून गावच्या पिढ्यान् पिढ्या तोंडाला रंग लावत आल्या, तो पॅनेलवर सावली पडते म्हणून तोडला. पर्यावरणासाठी झाड तोडणारे आम्ही काही पहिले नसू. पण करंजाची सावली तोडता येते, टॉवरची येत नाही. दुपार कलली की हिरा हाइट्स आमच्या छपरावर आडवी होते आणि नेमकी नाटकाच्या वेळी सगळी पॅनेलं काळवंडतात. मॅडमनी हे आधीच दाखवलं होतं. टॉवरच्या गच्चीवर पॅनेल लावू या म्हणाल्या होत्या. टॉवरच्या सोसायटीनं कळवलं की गच्ची वाढदिवसांसाठी लागते. तेव्हा आता एसी तारेवरच्या विजेवर चालतो, आणि पूर्वी लागायची त्यापेक्षा वीज जास्त लागते. भाडं एवढं झालंय की गावातली हौशी मंडळी तालमीसुद्धा शाळेच्या व्हरांड्यात करतात. दारावर हिरवी पाटी आहे. ती रोज पुसली जाते.

उद्घाटनाला शेठ आले नाहीत. नंतरही फिरकले नाहीत. बसस्टॉपवर दिसेनात, कुणाच्या घरी अगरबत्ती लागल्याचं कानावर येईना. माझा राग तोवर शिळा झाला होता. एका दुपारी मी हिरा हाइट्सच्या लिफ्टनं सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो. तो मजला शेठचा. मुलगा खारघरला, मुलगी न्हावा शेव्याला नोकरीत, दोघं सणावारी येतात. घरी एकटे शेठ.

दार उघडलं आणि आतून भट्टीचा झोत आला. एसी अर्थातच नाही. पंखा बंद. पश्चिमेची भिंत अख्खी काचेची आणि एकूण एक काच लावलेली. शेठ बनियनवर बसले होते, घामानं निथळत. मी पाणीसुद्धा न मागता सरळ बाल्कनीकडे गेलो आणि काच सरकवली.

खाडीवरचा वारा घरात घुसला. कॅलेंडर भिंतीवरून खाली आलं, टेबलावरचा पेपर स्वयंपाकघरापर्यंत उडत गेला. असा वारा मी नवी मुंबईत आल्यापासून अनुभवला नव्हता. मी डोळे मिटून उभा राहिलो.

"बंद करा, मास्तर."

"शेठ, जन्मभर लोकांच्या खिडक्या उघडत फिरलात," मी म्हणालो. बोलू नये असं ठरवून आलो होतो, तरी बोललो. "आणि इथे एवढा वारा असताना स्वतःला कोंडून घेता?"

ते उठले आणि त्यांनी काच स्वतः लावली. मग काचेकडेच बघत बोलू लागले. "हिरीला दमा व्हता. नाटकाची भारी हौस, पन गर्दीत श्वास अडकाचा, अर्ध्यातून उठून यावं लागाचं. रडाची मंग. एकदा दुपारी थेटर रिकामं व्हतं तवा मी अगरबत्ती घेऊन खिडकी खिडकी फिरलो. तिसरे खिडकीला धूर असा आडवा झाला. म्हनलं, हिथं बस तू. तवापासून सगली नाटकं पुरी बघितली तिनं. घरी रातभर खोकाची, थेटरात नाय खोकली कदी."

मी खाली पडलेलं कॅलेंडर उचलून खिळ्याला लावलं.

"ती गेली, न बिल्डर आला. नाव दिलं तवा मना वाटलं, खाडीतून येनाऱ्याला तिचं नाव लांबून दिसल. वाऱ्याचं ध्यानातच नाय आलं, मास्तर. मना. जनाला. टॉवर झाल्यावर पयले पावसाआदी थेटरात गेलो, अगरबत्ती लावली, न धूर उभाच. परत नाय लावली." त्यांनी बनियननं तोंड पुसलं. "यो वारा आता हिथं येऊन आपटतं. तिसरे खिडकीचा वारा यो. तिचे वाट्याचा. मी कसा घेऊ?"

मी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसलो. काच धडधडत होती. शेठनी विचारलं, "चाय घेनार?" मी म्हटलं, घेऊ.