तात्यांचा वजनकाटा

आमच्या भिकातात्यांकडे पाहुणा गेला, की पाण्याच्या तांब्याआधी त्याला काट्यावर उभं राहावं लागतं. तात्यांचा सगळा जन्म साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांची वजनं करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी पडवीतच धान्याचा काटा मांडला. मी सख्खा शेजारी, त्यामुळे माझी पाळी आठवड्याला. "मास्तर, दीड किलो वाढलात. कुनाच्या लग्नात ताव मारला?" असं चारचौघांत विचारतात. मी नाही म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, "मानूस फिरंल, काटा फिरनार न्हाई."

गेल्या वर्षी त्यांनी ग्रेट डेन जातीचं पिल्लू आणलं. नाव पैलवान. त्याचा खुराक बघून देवळाली प्रवरेत मास्तर होण्यापेक्षा तात्यांचं कुत्रं झालेलं बरं, असं मला वाटायला लागलं. दूध, अंडी, वर मी आमच्या म्हशीला देतो ते कॅल्शियम. रोज सकाळी पैलवान काट्यावर बसायचा आणि तात्या त्याचा आकडा आळीभर ओरडून सांगायचे.

पाचव्या महिन्यात पैलवानाला सणकून ताप भरला. पुढचे पाय सुजले, हात लावला तर गरम. तात्यांनी त्याला काट्यावर ठेवायला उचललं, तर तो असा कळवळला की तात्यांनी त्याला तसाच खाली ठेवला. आम्ही त्याला रिक्षात घालून राहुरीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लांना असा हाडांच्या सुजेचा आजार होतो," डॉक्टर म्हणाले. "नक्की कारण कुणालाच ठाऊक नाही. प्रतिकारशक्तीच आपल्या हाडांवर उलटत असावी. औषध देतो. कॅल्शियम बंद, खुराक कमी."

"म्हंजे कुंपनच शेत खातंय म्हना!" तात्यांना तेवढं पटलं. खुराकाचं ऐकून मात्र ते उखडले. "वजन उतरवायचं? माज्या घरात? जमनार न्हाई!"

परतताना मी त्यांना चांगलं झापलं. एरवी तात्या एकाला दोन ऐकवतात, त्या दिवशी पैलवानाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमची वहिनी दुखन्यात हुती, तवा दर सोमवारी तिला काट्यावर उभी करायचो. दर सोमवारी आकडा खाली. मला त्या उतरत्या आकड्याचं लई भ्या वाटतं."

मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी कॅल्शियमचा डबा माझ्या ओट्यावर आला. "तुमच्या म्हशीला घाला. माज्याजवळ ऱ्हायला तर हात जाईल."

दोन आठवडे पैलवान पडवीत पडून होता आणि त्याच्या शेजारी जमिनीवर तात्या. हळूहळू ताप गेला, सूज ओसरली. एका सकाळी पैलवान लंगडत उठला आणि सवयीनं थेट काट्यावर जाऊन उभा राहिला. मी आकडा वाचायला वाकलो, तर तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल त्या आकड्यावर टाकला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. उभा ऱ्हायला न्हवं? लई झालं."