चारही दिवे हिरवे

मानवजातीची सुरक्षितता चार खांबांवर उभी आहे: एक मोठं इंग्रजी अक्षर, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह. (पाचवा खांब काउंटरच्या काचेला चिकटपट्टीने लावलेला होता. त्याच्याकडे येऊच.)

डोळ्यांच्या दवाखान्याने हे सत्य स्वीकारलं, नेमकी तेव्हाच म्हाताऱ्या बुकबाइंडरला बायकोच्या मोतीबिंदूसाठी तारीख हवी होती. तारीख आता संगणकावरच मिळे. त्यासाठी लागे ओळीने दिलेला रुग्ण क्रमांक (बायकोचा सातशे अकरा) आणि एक पासवर्ड. पासवर्ड तपासायला दवाखान्याच्या संगणकतज्ज्ञाने सहा महिने खपून प्रोग्राम लिहिला होता. तो एकेका अक्षराची मानगूट धरून विचारी, तू मोठं की लहान, आकडा की चिन्ह? चारही प्रकारचा निदान एकेक गडी हजर असला की चार हिरवे दिवे. शब्द काय आहे, हे विचारणं त्याच्या अखत्यारीत नव्हतं.

बुकबाइंडरने बायकोचं नाव टाकलं. लाल. पुढे लग्नाचं साल जोडलं. लाल. मग सरस, सुई, दोरा, पुठ्ठा अशी आयुष्यभराची कमाई एका दमात लिहिली. ब्रह्मदेवालाही ओळखता आली नसती. लाल, आकडा राहिला होता.

"आजोबा, डोकं कशाला शिणवता?" काउंटरवरची बाई म्हणाली. "काचेवरचा टाका. पास होतो."

काचेवरच्या कागदावर होतं: Abcd@123.

"अहो, पण हा तर सगळ्यांना दिसतोय."

"म्हणून तर कोणी विसरत नाही."

चारही दिवे हिरवे. शेरा: 'अत्यंत सुरक्षित'. बायकोला मंगळवार मिळाला. (अहवालानुसार बाराशे चार रुग्णांपैकी बाराशे तिघांचे पासवर्ड अत्यंत सुरक्षित आहेत. उरलेला एक अजून स्वतःचा स्वतः रचत बसला आहे.)

सोमवारी पाहतो तर मंगळवार गायब. त्या जागी पुढच्या वर्षीचा मार्च. तो तडक दवाखान्यात गेला. संगणकतज्ज्ञ जातीने बाहेर आले, त्यांनी नोंदी तपासल्या.

"कोणीही घुसलेलं नाही. दर वेळी अचूक पासवर्ड टाकलाय."

"मग आमचा मंगळवार नेला कुणी?"

"ज्याच्याकडे पासवर्ड होता, त्याने."

"तो सगळ्या गावाकडे आहे, साहेब."

"मग संशयित फार होतात," तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी समिती नेमली. समितीने गांभीर्याने एका चिन्हाऐवजी दोन चिन्हं सक्तीची केली. काचेवरचा कागद त्याच संध्याकाळी बदलला.

घरी बायकोने चाचपडत त्याच्यापुढे चहा ठेवला. निम्मा बशीत होता.

"माझ्या नावात खोट काय होती हो?"

"खोट काही नाही. आकडा नव्हता."

हे वाचून हसलेल्यांपैकी निम्म्यांचा पासवर्ड तोच आहे, उरलेल्यांच्यात शेवटी एक चार जास्त आहे. असू द्या, आमची तक्रार नाही. फक्त क्रमांक सातशे अकराचा मार्च तेवढा हलवू नका.