नविन वरठाचे नुकसानग्रस्त

अर्जाला दोन पानं होती. पहिल्या पानावर छापलं होतं, ‘उद्योजक म्हणून मला मिळालेले यश’. दुसऱ्यावर, ‘मला आलेले अपयश व त्यातून मी काय शिकलो’. आशागडच्या नविन वरठाने सकाळी आठ वाजता दुसरं पान घेतलं. नऊपर्यंत ते भरलं, मग त्याला पुरवणी लागली, मग पुरवणीला पुरवणी लागली. पहिलं पान मात्र कोरंच होतं. चुलीपाशी भाकऱ्या थापणारी त्याची बायको निलम मधूनमधून मान वळवून त्या पानाकडे बघत होती.

“काहीतरी लिही ना त्याच्यात,” ती म्हणाली.

“काय लिहू?”

“लगीन झालं असं लिही.”

“ते धंद्यातलं यश नाय.”

“मग अपयशात लिहिलंस की काय? दाखव बघू ते पान.”

नविनने पान घाईघाईने उलटं ठेवलं. तसं काही त्यात लिहिलेलं नव्हतं, पण सासऱ्याने लग्नात दिलेल्या कोंबड्यांचा उल्लेख होता. त्या कोंबड्यांवर नविनने पोल्ट्री काढली होती. महिनाभरात मुंगसाने सगळ्या नेल्या. त्या पोल्ट्रीत भरभराट झाली ती एका मुंगसाचीच.

नऊ वर्षांत नविनने चार धंदे काढले आणि चारही कुणाची मदत न घेता बुडवले. कोंबड्यांनंतर अळंबीचा धंदा होता. ती त्याने नेमकी पावसाळ्यात विकायला काढली. त्या दिवसांत रानात अळंबी फुकट उगवते आणि शेंबडं पोरसुद्धा टोपली भरून घरी आणतं. मग वारली चित्रांचे टी-शर्ट आले. पहिल्याच धुण्यात तारपा वाजवणारा माणूस शर्टावरून निघाला आणि बादलीतल्या बाकीच्या कपड्यांवर जाऊन नाचू लागला. शेवटचा धंदा चिकूच्या चिप्सचा. नविन चिकूच्या चकत्या घराच्या पत्र्यावर उन्हात वाळवायचा. पण समुद्राकडून येणारी दमट हवा त्याच्या धंद्याच्या मुळावरच उठली होती. कुरकुरीत म्हणून पाकिटात भरलेल्या चिप्स दोन दिवसांत रबरासारख्या मऊ पडत. साठ पाकिटं गेली आणि एकसष्टाव्याला गिऱ्हाईक उरलं नाही.

आता तलासरीची एक संस्था एका होतकरू उद्योजकाला सोलर ड्रायर फुकट देणार होती. काचेचं झाकण असलेली ती पेटी मिळाली की चिप्स मऊ पडायचं कारणच उरणार नव्हतं. नविनने तिचं माहितीपत्रक महिनाभर उशाखाली ठेवलं होतं. आणि निलमने एकदाच, भांडण न करता, साध्या आवाजात सांगून टाकलं होतं, “पेटी भेटली तर धंदा कर, मी पण चकत्या कापीन. नाय भेटली तर सोमवारी माझ्या संदीपदादाबरोबर उंबरगावला कंपनीत जायचं. पॅकिंगला एक जागा हाय. मग परत धंद्याचं नाव काढायचं नाय.”

नविनला कंपनीची भीती कामामुळे वाटत नव्हती. काम त्याने कधीच चुकवलं नव्हतं. तिथे आठ तास दुसऱ्याच्या खोक्यांना चिकटपट्टी लावताना आपण काहीच केलं नाही, हे रोज नव्याने आठवेल, याची त्याला भीती होती.

अर्जाच्या तळाशी एक ओळ बारीक अक्षरात होती: ‘किमान दहा ग्राहकांचे अभिप्राय, सहीसह.’ नविनने संस्थेच्या सरितामॅडमना फोन लावला.

“मॅडम, चांगलं बोलणारी दहा माणसं नाय भेटणार.”

“चांगलं नकोच आहे आम्हाला,” मॅडम उत्साहाने म्हणाल्या. “तुमच्या मालामुळे ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडे जा. काय नुकसान झालं ते विचारा, वहीत लिहा, खाली सही किंवा अंगठा घ्या. त्यातूनच उद्योजक घडतो.”

मॅडम पुण्याच्या होत्या. इकडे वही उघडून ‘काय नुकसान झालं’ असं विचारलं की काय होतं, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. नविनला मात्र माहीत असायला हवं होतं. या भागात टॉवरवाले आले, रस्तावाले आले, रेल्वेवाले आले. सगळ्यांनी वही उघडली, काय काय जाणार ते विचारलं, सही घेतली आणि सांगितलेल्या आकड्याप्रमाणे भरपाई दिली. टॉवरच्या वेळी गावातल्या काकड्याने आंब्याची तीन झाडं होती ती तीनच सांगितली. शेजारच्या लक्ष्याने तेवीस सांगितली. लक्ष्याच्या दारात आज मोटरसायकल उभी आहे. तेव्हापासून काकड्या त्या मोटरसायकलकडे पाठ करून बसतो.

आणि नविन वही घेऊन पहिला गेला तो काकड्याकडेच.

“काका, माझ्या चिप्समुळे तुमचं काय नुकसान झालं ते सांगा. मी लिहितो, तुम्ही सही करा.”

काकड्याने वहीकडे पाहिलं, मग पेनाकडे पाहिलं, आणि मग आत जाऊन अंगात सदरा घालून आला.

“चाळीस पाकिटं घेतली होती मी.”

“काका, एक घेतलं होतं. ते पण अर्धं परत आणून दिलंत.”

“चाळीस. सगळी मऊ. दोन दाढा हलल्या माझ्या. दाढा वेगळ्या लिही.”

“अहो, हे भरपाईचं नाय. मी धंद्यात काय चुकलो ते शिकायला विचारतो.”

काकड्या डोळे बारीक करून हसला. “टॉवरवाला पण असाच बोलला होता, नुसती माहिती घेतो म्हणून. चाळीस लिही, नायतर सही नाय.”

नविनला दहा सह्या हव्या होत्या. त्याने चाळीस लिहिलं. त्याचं खरं अपयश इथून सुरू झालं, पण अर्जात त्यासाठी जागा नव्हती.

दुपारी गावातली हिरी आपण होऊन दारात आली. तिने एक टी-शर्ट नेला होता. आता ती पंचवीस सांगत होती, शिवाय बादलीतल्या लुगड्यांचा हिशेब वेगळा. लक्ष्या आला तो मोटरसायकलवर. त्याने अळंबी, कोंबड्या, चिप्स असं सगळंच घेतलं होतं म्हणे.

“कोंबड्या मी विकल्याच नाय,” नविन म्हणाला. “मुंगसाने नेल्या.”

“तोच मुंगूस मग माझ्या घरी आला. त्याला सवय कोणी लावली?”

नविनने मुंगूसही वहीत लिहिला.

संध्याकाळी त्याने अंगणात उभं राहून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, “कुणाला काही भेटणार नाय! सरकारचा काही संबंध नाय! हे माझ्या चुकांचं आहे!” लोक शांतपणे ऐकून घरी गेले आणि नातेवाइकांना फोन करू लागले. माणूस इतक्या कळकळीने ‘काही मिळणार नाही’ म्हणतो, त्या अर्थी रक्कम मोठी असणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी वाणगावहून टेम्पो भरून माणसं आली. वाणगावात नविनने आयुष्यात एक पाकीट विकलं नव्हतं. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या तुषारने तोवर छापील अर्जच काढला होता. वर ठळक अक्षरात मथळा होता, ‘नविन वरठा नुकसानग्रस्त’, आणि खाली मालाचा प्रकार, पाकिटं, शारीरिक इजा, मानसिक त्रास असे रकाने. सोबत आधारकार्डाची प्रत जोडायची होती.

“तुषार, हे काय केलंस?” नविन रडकुंडीला आला.

“तुलाच सोपं जावं म्हणून,” तुषार म्हणाला. “आणि माझ्याकडून पण एक घे. तुझ्या शर्टाचा रंग माझ्या बनियनला लागला होता. तीस बनियन.”

निलमने गर्दीला पाणी दिलं. मग आत येऊन ती नविनच्या शेजारी जमिनीवर बसली. बाहेर रांगेत एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता की असा बेकार माल त्याने जन्मात खाल्ला नाही. तो म्हातारा तलासरीच्या पलीकडून आला होता आणि चिकूच्या चिप्स त्याने बघितल्यासुद्धा नव्हत्या.

“इतकी माणसं तुझा माल घ्यायला कधी आली नव्हती,” निलम म्हणाली.

“नको ना गं.”

“हसत नाय मी. बघवत नाय म्हणून बोलते.”

तिचे डोळे भरले होते. नविनला वाटलं, वही चुलीत टाकावी. पण दहा सह्या लागणार होत्या, आणि खरा आकडा लिहिलेल्या कागदावर एकही माणूस सही करायला तयार नव्हता.

शुक्रवारी नविन तलासरीला संस्थेच्या ऑफिसात पोहोचला तेव्हा त्याच्या पिशवीत एकशे त्रेचाळीस अर्ज होते. सरितामॅडमनी चष्मा लावला आणि बेरीज सुरू केली. निम्म्यावर आल्यावर त्यांनी नविनला खुर्ची दिली. बेरीज संपल्यावर त्या स्वतःच उठून उभ्या राहिल्या.

“चार हजार तीनशे पाकिटं! आणि नऊशे टी-शर्ट! वरठा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“मॅडम, हे सगळं खोटं आहे. मी साठच पाकिटं विकली.”

“एकशे त्रेचाळीस माणसं आधारकार्ड लावून खोटं बोलतायत आणि तुम्ही एकटे खरे?” मॅडम कौतुकाने हसल्या. “तुमचा हा साधेपणा मला फार आवडला. अहो, तक्रार करायला लोक वाणगावहून टेम्पो करून येतात, म्हणजे माल कुठवर गेलाय बघा. छोट्या धंद्याची तक्रार करायला कुणी शेजारच्या घरातून उठत नाही.”

“मग ड्रायर?”

“ड्रायर वर्षाला पाचशे पाकिटांच्या आतल्या लोकांना आहे. तुम्ही नियमात बसत नाही.” मग त्यांना एक कल्पना सुचली. नविनच्या वाट्याला नेहमी दुसऱ्यांच्या चांगल्या कल्पनाच यायच्या. “उद्या वाटप आहे. ते तुमच्याच हस्ते करू! दोन शब्द बोला. तुमचा अनुभव ऐकून बाकीच्यांना हुरूप येईल.”

नविन नाही म्हणाला. चारदा म्हणाला. मॅडमनी तेही साधेपणातच धरलं.

शनिवारी तलासरीच्या मांडवात नविनच्या गळ्यात हार पडला, हातात नारळ आला, आणि मिरच्या वाळवणाऱ्या पुष्पाबाईंना त्याने स्वतःच्या हातांनी सोलर ड्रायर दिला. फोटो काढताना पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, “दादा, ह्याचं झाकण कुठून उघडतं?”

नविनला ते पाठ होतं. त्याने झाकण उघडून दाखवलं, जाळी कशी ओढायची ते सांगितलं, काच ओल्या फडक्याने पुसू नका असंही सांगितलं. सांगून झालं तरी झाकणावरचा हात त्याला काढवेना. ते बघून मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्या मांडवाने वाजवल्या.

त्याच्याआधी फोटो आशागडला पोहोचला. नविन गावात शिरला तेव्हा काकड्या ओट्यावर बसला होता. मोटरसायकलकडे करायचा तशी त्याने नविनकडे पाठ केली. आमच्या नुकसानीवर हा साहेब झाला, आमचं यंत्र यानं दुसऱ्या गावच्या बाईला वाटलं, असं हिरी नळावर सांगत होती. फक्त लक्ष्या बोलला, तोही पुढच्या वेळी आकडा आणखी वाढवून सांगू का, हे विचारायला.

घरी संदीपचा फोन येऊन गेला होता. निलमने निरोप सांगितला, “जागा धरून ठेवलीय त्याने. सोमवारी सकाळी सहाची गाडी.”

“बरं,” नविन म्हणाला. 

रविवारी दुपारी तो पत्र्यावरची जाळीची ताटं खाली उतरवत होता. शेवटच्या चिप्स चार दिवस वर पडून अगदीच मऊ झाल्या होत्या. त्या त्याने कोंबड्यांना घालायला बाजूला काढल्या, आणि मग कोंबड्या नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. तेवढ्यात काठी टेकत गंगी आजी अंगणात आली. ती वरच्या पाड्यावर राहायची. तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

“पाकीट दे,” ती म्हणाली.

नविनला वाटलं, हिलाही अर्ज भरायचा आहे. “आजी, वही संपली. वाटप पण संपलं. तू रांगेत का नाय आलीस?”

“मी कशाला येऊ? तू नुकसान विचारत होतास. माझं काय नुकसान झालं?” आजी ओट्यावर टेकली. “दुकानातल्या कडक असतात, हिरड्या सोलतात. तुझ्या मऊ. तोंडात धरून बसलं की दुपार निघते. दर बाजाराला निलमकडनं एक नेते मी.”

नविनने निलमकडे पाहिलं. निलम दारात उभी होती.

“एकच पाकीट होतं ते,” ती म्हणाली. “तुला काय सांगायचं त्यात?”

नविन खाली बसला. नऊ वर्षं आणि चार धंदे यांत त्याला हवं होतं ते माणूस समोर बसलं होतं, आणि ज्या पेटीसाठी त्याने आठवडाभर जीव टाकला होता ती मिळाली असती तर तेही गेलं असतं.

“आजी, मी धंदा बंद केला,” तो कसाबसा म्हणाला. “उद्यापासून कंपनीत जातो.”

“बंद?”

“बंद.”

 आजीने काठीने त्याच्या वहीकडे दाखवलं.

“मग आता झालं माझं नुकसान. लिही.”

नविनने वही उघडली. मागच्या पुठ्ठ्यावर थोडी जागा होती.

“किती पाकिटं लिहू?”

“एक,” आजी म्हणाली. “एकच नेत होते. खोटं कशाला सांगू?”