आगट्यांची सायकल जुहूला जाते

भांडण खरं म्हणजे झेंडूच्या एका हारावरून झालं.

दसऱ्याची सकाळ होती. पार्ल्यातल्या त्या वाडीत चार बिऱ्हाडांच्या मिळून चार सायकली होत्या, आणि दरवर्षी दसऱ्याला त्या चारही विहिरीजवळच्या भिंतीला ओळीने टेकवून त्यांची एकत्र पूजा व्हायची. मंत्र वाडीतल्या वडीलधाऱ्या अण्णांचे, रांगोळी बायकांची आणि हार नलिनीच्या हातचे. नलिनी म्हणजे विद्याधर आगटे यांची बायको. तिने तीन हार ओवले, दोऱ्याला गाठ मारली आणि सुई डबीत ठेवून दिली.

"तीनच?" विद्याधरने विचारलं.

"तीनच सायकली आहेत."

"आणि आपली?"

"आपली सायकल कुठे आहे? ती दांडी आहे, माझी लुगडी वाळत घालायची. दसऱ्याला वाहनांची पूजा असते हो, दांड्यांची नसते."

विद्याधर सरकारी कचेरीत कारकून होता. बोलणी खायची त्याला सवय होती. (साहेब बोलायला लागला की तो मनातल्या मनात भाजीची यादी करायचा.) पण हे बोलणं त्याला लागलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी याच दांडीच्या कॅरिअरवर बसून नलिनी जुहूला जात असे. खड्डा आला की ती मागून त्याचा शर्ट घट्ट धरायची, त्यामुळे जुहूच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे विद्याधरला तोंडपाठ होते आणि तो एकही चुकवत नसे. त्या सायकलीला ही बाई दांडी म्हणत होती.

आता त्या सायकलीवर गेली चार वर्षं कोणी बसलं नव्हतं, हे खरं. त्याला कारण एक म्हैस.

चार वर्षांपूर्वी जुहूच्या वाटेवर, तबेल्याच्या वळणावर, विद्याधरची तिच्याशी धडक झाली. धडक म्हशीला बसली आणि पडला विद्याधर. म्हैस जागची हलली नाही. ती रवंथ करत होती, तो तिने सावकाश पुरा केला. तीन दिवसांनी विद्याधर लंगडत बाहेर आला, तेव्हा अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हैस बरी आहे ना रे?" अण्णांचाही दोष नव्हता. वाडीचं दूध त्याच तबेल्यातून येत असे. पण तो प्रश्न वाडीला फार आवडला. विद्याधरने सायकलीला हात लावला रे लावला, की कुठल्या ना कुठल्या खिडकीतून आवाज यायचा, "काय आगटे, म्हैस बरी आहे ना?"

मग विद्याधरने हात लावणंच सोडलं. आधी गुडघा दुखत होता, मग साखळी कुरकुरत होती, मग म्हणे रस्ते बिघडले, आणि शेवटी त्याला वेळच मिळेनासा झाला. दसऱ्याला तेवढी तो सायकल धुवायचा, चाकांत हवा भरायचा आणि पूजा झाली की पुन्हा गॅलरीत नेऊन ठेवायचा. घंटी दाबली तर ती नुसतं "खर्र" करायची.

"आज जुहूला जाऊन येतो!" विद्याधर म्हणाला. (असं आपण म्हणालो, हे त्यालाही ऐकल्यावरच कळलं.)

नलिनीने मान वर केली नाही. "गेल्या वर्षीही जाऊन आलात. मी झोपले होते तेव्हा."

"आज पुरावा आणतो! समुद्राची ओली वाळू आणतो रुमालात बांधून!"

"आणा. नाही आणलीत, तर संध्याकाळी मार्तंड सोनं द्यायला येतोय, त्याच्याबरोबर सायकल मुलुंडला जाईल. मला गॅलरीत पाय ठेवायला जागा तरी होईल."

मार्तंड हा नलिनीचा धाकटा भाऊ. तो मुलुंडहून पार्ल्याला सायकल हाणत यायचा आणि दारात उभा राहून "घामसुद्धा नाही आला, भाऊजी," असं न विचारता सांगायचा. त्याचं नाव निघाल्यावर मागे फिरायचा प्रश्नच उरला नाही. आपली सायकल मार्तंडच्या हाती जाणार, आणि तो तिच्यावर बसून आपल्याच दारात न घामेजता उभा राहणार, हे विद्याधरला सहन होण्यासारखं नव्हतं.

आवाज ऐकून अण्णा आले. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते, आणि पेन्शनीत निघाल्यापासून वाडीत कुठे काही ठरत असलं की त्यांना चैन पडत नसे. एका वाक्याची दोन कलमं केल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं होत नसे.

"कलम एक," अण्णा म्हणाले, "सूर्यास्ताच्या आत विद्याधरने जुहूला जाऊन परत यावं. कलम दोन, सूर्यास्ताच्या आत विद्याधरच्या सायकलीने जुहूला जाऊन परत यावं. मंजूर?"

"मंजूर!" विद्याधर गरजला. "आणि हार हवा!"

नलिनीने सुई पुन्हा डबीतून काढली.

विद्याधरने स्वतःच्या हाताने सायकल ओळीच्या अगदी टोकाला, तुळशीजवळ नेऊन उभी केली आणि तो कपडे बदलायला आत गेला. जुनी खाकी हाफपॅंट त्याने ट्रंकेतून काढली. ती चार वर्षांत आटली होती. (विद्याधर वाढला होता, असं नलिनीचं मत पडलं.) श्वास रोखून, बटण लावून तो बाहेर आला, तेव्हा पूजा उरकत आली होती. चारही सायकली झेंडूत आणि आंब्याच्या डहाळ्यांत अशा बुडाल्या होत्या, की चाकं आणि सीट एवढंच काय ते दिसत होतं. मधल्या वेळात नलिनीने टोकाची सायकल रांगोळीच्या आड येते म्हणून उचलून ओळीत मध्ये सरकवली होती, हे त्याला कोण सांगणार?

"निघालात आगटे?" खिडकीतून आवाज आला. "म्हशीला नमस्कार सांगा हं!"

विद्याधर तडक तुळशीजवळ गेला, टोकाची सायकल ओढली, टांग मारली आणि हारांसकट वाडीच्या फाटकातून बाहेर पडला.

आणि काय सांगावं, सायकल उडालीच! विद्याधरला वाटलं होतं, पहिल्या वळणापर्यंत दम निघेल. पण पायडल लोण्यात फिरल्यासारखं फिरत होतं. साखळीचा आवाज नाही, चाकाची कुरकुर नाही. 'चार वर्षं विश्रांती मिळाली की असं होतं,' तो स्वतःशी म्हणाला. 'यंत्रालाही विश्रांती लागते. हे मार्तंडला काय कळणार!' त्याने सहज घंटी दाबली. घंटी खणखणीत वाजली. विद्याधरच्या अंगावर काटा आला. अण्णांच्या मंत्रांवर त्याचा आजवर विश्वास नव्हता, तो बसला.

मग तबेल्याचं वळण आलं.

म्हैस उभी होती. तीच. विद्याधरने तिला शिंगांवरून ओळखलं. (तिने त्याला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.) रस्त्याच्या मधोमध, तोंड त्याच्याकडे करून. विद्याधरच्या जुन्या गुडघ्यात कळ आली, आणि ब्रेकवर बोटं गेलीसुद्धा. पण त्याच क्षणी त्याला ती लुगडी वाळत घालायची दांडी आठवली.

"बाजूला हो!" तो ओरडला. "चार वर्षं मी बाजूला होतोय! आज तू हो!"

घंटी सारखी वाजवत तो सरळ तिच्या अंगावर गेला. आणि म्हैस बाजूला झाली! मान वळवून, नाक वर करून तिने वाट दिली. विद्याधर झपकन निघून गेला आणि आनंदाने त्याने हॅंडलवरचा एक हातसुद्धा सोडला. विजेत्याने मागे वळून पाहायचं नसतं, म्हणून त्याने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं, की झेंडूचा वास लागलेली म्हैस त्याच्या मागोमाग ठुमकत येत होती.

जुहूला पोचल्यावर त्याने सायकल एका माडाला टेकवली आणि तो पाण्यापर्यंत गेला. ओली वाळू रुमालात बांधली. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत उभा राहिला. छान वाटलं त्याला. उद्यापासून रोज सकाळी यायचं, त्याने ठरवलं, आणि पुढच्या रविवारी नलिनीला कॅरिअरवर बसवून आणायचं. खड्डे अजून होते, ते त्याने येताना पाहून ठेवले होते.

तो वळला, तर म्हैस सायकलीचा हार खात होती. हॅंडलवरचा संपवून ती दांडीवर आली होती. विद्याधर धावला, पण मध्येच थबकला. हार गेल्यामुळे दांडी उघडी पडली होती आणि तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने सुबक अक्षरांत लिहिलं होतं : काशीराम धुरी, फिटर.

काशीराम हा त्याचा शेजारी. अंधेरीच्या एका कारखान्यात कामाला होता, आणि रोज रात्री जेवण झाल्यावर सायकलीला तेल दिल्याशिवाय झोपत नसे.

तेवढ्यात रस्त्यावरून घाणा फिरल्यासारखा आवाज यायला लागला. मग सायकल दिसली, मग तिच्यावर घामाने निथळणारा काशीराम.

"ओ आगटेनू!" तो लांबूनच ओरडला. "खंय पळवलात माजी सायकल? कारखान्यात मशीनची पूजा आसा, नारळ माज्याकडे आसा, आणि माका ह्या तुमच्या घाण्यार बसान येवचा लागला! सायकल नाय ही, घाणो आसा घाणो!"

विद्याधरने त्याचे हात धरले. "काशीराम, चूक झाली. पण वाडीत बोलू नकोस रे. माझी सायकल जाईल."

काशीरामला दया आली. "माज्या तोंडातसून एक शबुद भायर पडाचो नाय," असं म्हणून, म्हशीच्या तोंडातून उरलेला हार ओढून घेऊन तो कारखान्याच्या वाटेला लागला.

विद्याधर स्वतःच्या सायकलीवर बसला. परतीच्या वाटेवर तीनदा साखळी पडली. हार साखळीत गुंतला, तो त्याने तोडून फेकून दिला. चढावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत टेकत त्याच्या पुढे निघून गेले. पण विद्याधर खाली उतरला नाही. साखळी बसवायला उतरला तेवढंच. घंटी वाजत नव्हती, म्हणून तो तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" करत आला. पाय मोडले तरी चालतील, पण ही सायकल आता मुलुंडला जाणार नाही, असं तो प्रत्येक पायडलाला स्वतःला बजावत होता.

दुपारी दोन वाजता तो वाडीत शिरला आणि रुमाल नलिनीपुढे टाकला. नलिनीने वाळू हातात घेऊन पाहिली. मग ती आत गेली, आणि पुरी तळून होईपर्यंत तिने तीनदा डोळ्यांना पदर लावला. (धूर होता, असं ती म्हणाली.) त्या दिवशी विद्याधरने श्रीखंड मागून मागून खाल्लं.

काशीरामने शब्द पाळला. त्याने फक्त आपल्या बायकोला, शेवंतीला सांगितलं. त्यामुळे संध्याकाळी लोक सोनं द्यायला जमले, तेव्हा सगळ्या वाडीला सगळं माहीत होतं. मार्तंडही आला होता. नेहमीप्रमाणे घाम न येता.

"म्हणजे गेलात तुम्ही काशीरामभावजींच्या सायकलीवर!" नलिनी उसळली.

"आलो कशावर?" विद्याधरही उसळला. "आलो माझ्या सायकलीवर! तीनदा साखळी पडली तरी आलो! ही सायकल मी देणार नाही. कोर्टात जा!"

कोर्ट तिथेच बसलं होतं. अण्णांनी चष्मा पुसला. "कलम एक. विद्याधर जुहूला गेला?"

"गेला," वाडी म्हणाली.

"परत आला?"

"आला."

"कलम दोन. विद्याधरची सायकल जुहूला गेली?"

"गेली मां," काशीराम म्हणाला. "माज्या मांड्यांक इचारा."

"परत आली?"

"आली."

"दोघांनी जाताना एकत्र जावं, असं कलम नव्हतं. निकाल विद्याधरच्या बाजूने. सायकल त्याचीच." आणि चष्मा डोळ्यांवर चढवून अण्णांनी विचारलं, "बाकी, म्हैस बरी आहे ना रे?"

चार वर्षांत पहिल्यांदा विद्याधरकडे उत्तर होतं. "मजेत आहे! आज आमच्याकडेच जेवली!"

वाडी पोट धरधरून हसली आणि विद्याधरही हसला. मग तो छाती काढून मार्तंडकडे वळला. "ऐकलंस? मिळणार नाही सायकल!"

"ठेवा हो भाऊजी," मार्तंड म्हणाला. "मला नकोच होती. ताई फार मागे लागली म्हणून हो म्हटलं. मी ती परस्पर भंगारवाल्याला देणार होतो."

विद्याधरच्या हातातलं आपट्याचं पान खाली पडलं. ज्या सायकलीसाठी त्याने म्हशीशी सामना केला, तिची किंमत भंगारवाला करणार होता. तो ताडकन उठला.

"भंगार? दाखवतो भंगार! आत्ता पुन्हा जुहूला जाऊन येतो! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत!"

"अहो, दिवेलागण झाली," नलिनी म्हणाली.

पण तो अंगणात पोचलासुद्धा होता. भिंतीपाशी सायकली उभ्या होत्या. त्याने टांग मारली, विहिरीला एक झोकदार वळसा घेतला आणि फाटकाशी येऊन, सगळ्या वाडीला ऐकू जावी म्हणून, घंटी दाबली.

घंटी खणखणीत वाजली.