बारसं, अकरा एमबीत

जगात पुन्हा पुन्हा पाठवण्यासारखं फार थोडं असतं. व्हिडिओ लहान करण्याचं अख्खं शास्त्र या एका वाक्यावर उभं आहे. त्या शास्त्रावर खराडीतल्या एका कंपनीचा सहावा मजला उभा आहे, आणि त्या मजल्यावर खिडकीपाशी आमोद बसतो.

काम एकदम सोपं. पहिलं चित्र पूर्ण पाठवायचं. पुढच्या चित्रात जे हललं तेवढंच कळवायचं, बाकी सगळं 'वरीलप्रमाणे'. डोळ्याला जे कळणार नाही ते पुसायचं. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानालाही कळत नाही, मग तोही पुसायचा. दर आठ-दहा वर्षांनी नवं स्टँडर्ड येतं आणि तेच चित्र निम्म्या जागेत कोंबतं. (असंच चालू राहिलं तर एक दिवस फाइलच उरणार नाही, आणि त्या दिवशी सहाव्या मजल्यावर पेढे वाटतील.)

तर आमोद आणि तनुजाला मुलगी झाली. नावावरून आमोदचं घर आणि तनुजाचं लोणी काळभोरचं माहेर यांच्यात तीन आठवडे चर्चा झाली. चर्चा म्हणजे पुणेरी, आवाज चढत नाही, फक्त चहा अर्धा कप होतो. एकेचाळीस नावं बाद झाल्यावर ठरलं की आत्या ठेवेल ते नाव. आमोदला बहीण नाही, म्हणून त्याचीच आत्या बोलावली, कसबा पेठेतली श्यामलाआत्या. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. शुद्धलेखन घालताना शब्द एकदाच उच्चारायची. ऐकला त्याने ऐकला.

बारशाला साठ माणसं होती. आमोदने आधीच जाहीर केलं, "फोन खिशात ठेवा सगळ्यांनी. मी घेतोय, पाठवतो." त्यामुळे साठच्या साठ जणांवरची ऐकायची जबाबदारी उतरली. आत्या मरून पडद्यापुढे मरून साडीत, परीक्षेच्या हॉलवर बसावं तशी ताठ. ती वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, सात बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालत 'कुर्रर्र' केलं, त्या गलक्यातच तिने एकदा हळूच नाव म्हटलं, आणि तेवढ्यात घुगऱ्या आल्या. आमोद समोरच होता, पण तो फोकस बघत होता.

संध्याकाळी त्याने ती नऊ जीबीची फाइल ऑफिसातल्या अजून चाचणीत असलेल्या प्रोग्रामला घातली. अकरा एमबी झाली. मूळ फाइल त्याने उडवली (कामावर श्रद्धा असलेला माणूस मूळ प्रत ठेवत नाही). प्रोग्रामने अहवालही दिला, तो आमोदने अर्थातच वाचला नाही:

पडदा: वरीलप्रमाणे.
पाळणा: एक झोका ठेवला, बाकीचे त्यावरून.
घुगऱ्या: एक दाणा ठेवला, बाकीचे त्यावरून.
आत्याचे ओठ: तीनदा किंचित हलले (द्वा, र, का), बदल क्षुल्लक, गाळले.
आत्या: हालचाल नगण्य, पडद्यात समाविष्ट.

म्हणजे व्हिडिओत सात बायका एका पडद्याला बुकलतायत आणि तोंडाने कुर्रर्र करतायत. फॅमिली ग्रुपवर एकशेचाळीस बदाम पडले. एकानेही विचारलं नाही की हे काय चाललंय. शेवटपर्यंत बघतंय कोण?

चौथ्या दिवशी तनुजा जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन बसली. "नावाच्या रकान्यात काय लिहू?"

"तू ऐकलं असशील ना?"

"मी बाळाला धरून होते. आत्या तुझी."

तनुजाने आईला, शालनकाकूंना, फोन लावला. "मला न्हाई बाई आलं ऐकू," काकू म्हणाल्या. "पण व्हिडिओ हाय की."

व्हिडिओ लावला. पडदा. बुक्के. कुर्रर्र. पडदा.

पोरीच्या दवाखान्यातल्या फाइलवर अजून 'तनुजाचं बाळ' एवढंच होतं. तनुजाने पेन टोपण लावून फॉर्मवर आडवं ठेवलं. आमोद निघाला.

आत्याने दार उघडलं. तिने व्हिडिओ पाहिला होता. "ये. पडद्याशी बोलायला आलास?"

"आत्या, नाव पुन्हा एकदा सांगतेस?"

"एकदा सांगितलंय."

"हो, पण त्या गलक्यात..."

"तू होतास ना समोर?"

"होतो ना. शूट करत."

"मग नव्हतास." तिने पोह्यांच्या डब्याकडे बोट केलं. "फोन त्याच्यावर ठेव. इथे बस. हलू नकोस."

आमोद बसला. बाहेर तांब्याच्या हंड्यावर हातोडे पडत होते, शेजारी मिक्सर चालू होता. शास्त्राप्रमाणे अशा आवाजात बारीक काही ऐकू येत नाही. वीस मिनिटं काहीही बदललं नाही. सहाव्या मजल्याने ही वीस मिनिटं एका चित्रात बसवली असती. आत्याच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे, हे आमोदला सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं.

मग मिक्सर थांबला नाही, हातोडेही थांबले नाहीत, आणि दोन घावांच्या मध्ये आत्याने नाव सांगितलं. एकदाच. तेवढ्याच हळू.

त्याला ऐकू आलं. विसरू नये म्हणून तो ते पुटपुटत घरापर्यंत चालत गेला. तनुजाने पेनचं टोपण काढलं, नाव लिहिलं, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पोरीला शोभतंय."

आता नाव काय, ते विचारू नका. वर एकदा सांगितलंय, कंसात. तुम्ही होतात ना समोर?