तुसाची काच

भोईर मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी भाताचं तूस मागतात. बारसं असो की लग्न, पर्समधून कापडी पिशवी निघतेच. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या आजीला कोपऱ्यात गाठलं आणि "भात कुठल्या गिरणीला घालता?" म्हणून विचारलं. आजींना वाटलं, मुलीकडचे शेतीवाडीची चौकशी करताहेत. त्यांनी जमीन दुप्पट करून सांगितली.

कुंदा भोईर आमच्या कर्जतच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, आणि मी त्या विभागाचा प्रमुख. आमच्याकडे बी.एस्सी. आहे, एम.एस्सी. आहे आणि जिन्याखालच्या खोलीत संशोधन केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक भट्टी, एक तराजू आणि भोईर मॅडम. तूस आम्लात धुवायचं, भट्टीत जाळायचं, जी पांढरी राख उरते तिची काच करायची आणि त्या काचेतून उजेड किती जातो ते मोजायचं, हा त्यांचा पीएच.डी.चा विषय. भट्टी पेटली की मजलाभर शेतातला राब भाजल्यासारखा वास सुटतो आणि शेजारचे वाणिज्यवाले दारं लावून घेतात.

डोंगराखालच्या वाडीत एका बाईनं त्यांना विचारलं होतं, "मॅडम, तूस आमी कोंबड्यांखाली टाकतो. तुमी काय करता त्याचं?"

"काच करते."

"मंग आमच्या खिडकीला बसवा की गं एक!"

मॅडमनी लगेच खिडकीचं माप घेतलं. तीनदा घेतलं.

"एका रीडिंगवर निष्कर्ष नको" हे त्यांचं ब्रीद. बाजारात त्या वांगी तीनदा तोलायला लावतात. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की दुसरा हात पुढे करतात. लग्न का नाही केलंत, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी आगाऊपणे विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "एकच मुलगा दाखवला होता."

हे सगळं आम्ही हसून चालवून घेत होतो. पण त्यांच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत आली. प्रबंध कधीचा टाइप होऊन पडला होता. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला होता, उत्तम होता. मुदतीत दिला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे इतक्या वर्षांच्या राखेची खरोखरच राख. मी रागावलो, समजावलं, हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं एकच उत्तर, "देते हो. अजून एक रीडिंग."

शेवटी मी खोपोलीला मोठ्या सरांकडे गेलो. विभाग उभा केला तो त्यांनी. मला शिकवलं त्यांनी आणि मॅडमना तुसाचा विषय दिला तोही त्यांनीच. ते निवृत्त झाल्यावर मॅडमचा मार्गदर्शक म्हणून कागदावर माझं नाव लागलं, पण मॅडमच्या लेखी सर म्हणजे तेच. त्यांनी दोन शब्द सुनावले तर बाई ऐकेल, असा माझा हिशेब. सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मीही मधल्या काळात तिकडे फिरकलो नव्हतो.

दार सरांचं घर सांभाळणाऱ्या सखूबाईंनी उघडलं. "हळू या. मॅडम आल्यात. शनवार ना आज."

मी आत पाहिलं. सर धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते आणि मॅडमनी आणलेल्या कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत होते.

"तूस कुठलं?"

"खालापूरचं, सर."

बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर आलं. "तूस कुठलं?"

"खालापूरचं, सर." तितक्याच अदबीनं.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "आपण मीटर बघायला आलात का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"एका रीडिंगवर निष्कर्ष नको," सर मॅडमना सांगत होते. "पुढच्या शनिवारी आणखी एक आणा."

सखूबाई मला पाणी देताना हळूच म्हणाल्या, "एरवी मलापन वळखत नायत. पर सकाळी सांगितलं ना, मॅडम येनार हायेत, का आपणहून दाढी करायला बसतात."

बाहेर पडल्यावर फाटकाशी मॅडम थांबल्या. "प्रबंध दिला की रीडिंग संपलं," त्या म्हणाल्या. "मग शनिवारी काय घेऊन येऊ?"

मी फाटकाची कडी लावली. मग म्हटलं, "मॅडम, सरांना रीडिंग लागतं. प्रबंध लागत नाही."

त्या घाटाकडे बघत उभ्या राहिल्या. "बघते," म्हणाल्या.

प्रबंध मुदतीत जमा झाला. त्या शनिवारी पेढे घेऊन मीही खोपोलीला गेलो. मॅडमनी माझ्याकडचा पुडा सखूबाईंच्या हाती दिला. आज त्यांच्याकडे आकड्यांचा कागद नव्हता. त्यांनी पिशवीतलं मूठभर तूस काढून सरांच्या तळहातावर ठेवलं.

"सर, मला संशोधन करायचंय. विषय द्या."

सर ते तूस अंगठ्यानं चोळत राहिले.

"ह्याचंच काहीतरी करा," ते म्हणाले. "ह्यात काच असते. वेळ लागेल पण."

"चालेल, सर."

"नाव काय तुमचं?"

"कुंदा भोईर."

"बरं," सर म्हणाले. "पुढच्या शनिवारी या."